हरभऱ्याएवढे कथील

श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी कातरवाडीस होता. गाव उंचावरचे, पाण्याला दूर. पण महाराज येऊन बसले आणि ओढ्याकाठचा पडका मठ माणसांनी फुलून गेला. त्याच मठात तान्हूबाई नावाची एक म्हातारी सडासारवण करी. तिचा नवरा कल्हईवाला होता. तीस वर्षे ती त्याच्याबरोबर गावोगाव हिंडली. तो भांड्यांना कल्हई करी, ही भाता ओढी. आणि शेवटी त्याचा हात थरथरू लागला तेव्हा कल्हईही हीच करू लागली. कल्हईच्या नवसागराच्या धुराने तिचे डोळे अधू झाले. नवरा गेल्यावर ती एकटीच महाराजांच्या पायाशी आली.

पहिल्या दिवशी महाराजांपुढे ठेवायला तिच्यापाशी काही नव्हते. पदराच्या गाठीत नवऱ्याच्या पिशवीतला कथलाचा शेवटचा तुकडा होता, हरभऱ्याएवढा. तोच तिने लाजत लाजत ठेवला. शेजारीच गावचे इनामदार व्यंकटराव बसले होते. त्यांनी मठाला तांब्याचे भले मोठे तपेले द्यायचे कबूल केले होते, त्यामुळे स्वारी जरा फुगलेलीच होती. ते हसून म्हणाले, ‘‘म्हातारे, एवढ्याशा कथलात एका वाटीची तरी कल्हई होईल का?’’ मंडळीही हसली. बिचारी तान्हूबाई खाली मान घालून उभी राहिली. महाराजांनी मात्र तो तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि आपल्या झोळीत जपून ठेवला.

मठात रोज पोथी चाले. तान्हूबाईला अक्षर दिसत नसे, ऐकलेली ओवी लक्षात राहत नसे. तिच्याहून तरण्या बायका घडाघडा अभंग म्हणत आणि हिच्या डोळ्यांतून पाणी येई. एकदा सारवता सारवता तिने मनातले सांगूनच टाकले. ‘‘महाराज, माझा सगळा जलम भात्याम्होरं गेला. ह्या लोकांनी देव जोडला, मी धूर खाल्ला. आता हे डोळं बी गेलं. त्या तीस वर्सांचं काय झालं वो?’’

महाराज म्हणाले, ‘‘माय, देवाघरी काही टाकून देत नाहीत. जपून ठेवलंय.’’

तिला ते नीटसे पटले नाही. पण महाराज बोलले, एवढ्यावर ती पुन्हा सारवू लागली.

पुढे महाराजांच्या गुरूंच्या पुण्यतिथीचा भंडारा आला. व्यंकटरावांचे तपेले वाजतगाजत मठात आले. आपले दान लोकांनी पाहावे म्हणून त्यांनी गड्यांकडून ते चिंच-राखेने आतून-बाहेरून असे घासून घेतले होते की सोन्यासारखे झळकत होते. आतून तांबडे झळकणारे तपेले म्हणजे कल्हई गेलेले तपेले, हे कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. पहाटेच त्यात चिंचेची आमटी चढली. दुपारी आरती झाली, पंगत बसली. व्यंकटरावांची लाडकी नात पहिल्याच पानावर बसली होती.

तान्हूबाई पाण्याचा तांब्या घेऊन तपेल्याजवळून जात होती. ती एकदम थबकली. तो वास तिच्या ओळखीचा होता. घरोघरच्या बायका भांडी आणून टाकत, तेव्हा याच वासाने तिचा नवरा तोंड वाकडे करी. तिने पळीच्या टोकाची आमटी जिभेला लावली आणि थुंकून टाकली. जीभ आखडली होती.

‘‘वाढू नका,’’ ती म्हणाली. ‘‘आमटी कळकलीया. तांब्याचं इख उतरलंया तिच्यात.’’

व्यंकटरावांचा पारा चढला. माझ्या तपेल्याला नावे ठेवतेस, हिला दिसत नाही अन् ही आम्हाला शिकवणार, असे बरेच बोलले. वाढपी घुटमळले. तान्हूबाई मात्र तपेल्यापुढून हलली नाही. चारशे माणसे पानावर होती.

महाराज आसनावरून उठले. ‘‘ओता खड्ड्यात,’’ एवढेच म्हणाले. आमटी ओतली गेली आणि तपेल्याच्या काठाशी हिरवट कड सगळ्यांना दिसली. व्यंकटरावांनी नातीकडे पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला.

आता पुन्हा शिजवायचे कशात? तेवढे दुसरे भांडे गावात नव्हते. लोहाराकडून भाता आला, नवसागर आला. पण कथील तालुक्याच्या बाजारात, आठ कोसांवर. महाराजांनी झोळीत हात घातला आणि तो हरभऱ्याएवढा तुकडा तान्हूबाईच्या तळहातावर ठेवला. ‘‘माय, तुझी ठेव. कर सुरुवात.’’ मग वळून म्हणाले, ‘‘व्यंकटराव, भाता तुम्ही ओढा.’’

इनामदार निमूटपणे भात्यापुढे बसले. हात चालेना, घाम फुटला. तान्हूबाई हळूच म्हणाली, ‘‘रावसाहेब, घाई नगं. श्वासावानी ओढा.’’ घासून धुतलेले तपेले तापले. तिला रंग दिसत नव्हता, गालाला लागणाऱ्या धगीवरून तिने वेळ ओळखली. नवसागर टाकला, कथील टेकवले आणि कापसाचा बोळा फिरवला. हात आपोआप चालत होता, जणू शेजारी नवरा बसला होता. तिला भरून आले. बोळा फिरत गेला तशी कल्हई पसरत गेली. तळ झाला, कडा झाल्या, काठ झाला. तपेले चांदण्यासारखे पांढरे झाले आणि कथील सरले नाही! महाराजांची लीला ती. लोकांनी आपसूक हात जोडले.

ऊन कलायच्या सुमारास नवी आमटी उकळली आणि पंगत पुन्हा बसली. काजळीने माखलेले व्यंकटराव उठले, सर्वांदेखत तान्हूबाईपुढे वाकले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचाने मागे सरकू लागली.

महाराज म्हणाले, ‘‘घे, माय, नमस्कार घे. तुझ्या तीस वर्षांना आहे तो.’’

मग मात्र तान्हूबाईने पाय मागे घेतले नाहीत. ती उभ्या उभ्या रडली, आणि महाराजांनी पहिले पान तिच्यापुढे वाढायला सांगितले.