मांडीवरचं कोकरू

"म्हणजे मुलगी रडली, म्हणून बालगृह बंद?"

खरात मॅडमनी विचारलं तेही कसं, तर शेंगा फोडता फोडता, मान वरसुद्धा न करता.

शैलेंद्र वाघचौरेला ते चांगलंच लागलं. एवढा पुण्याहून गाडी काढून आला होता! राज्याच्या बालक आणि कुटुंब कल्याण देखरेख मंडळाचं सगळं कामकाज आता संचालक म्हणून तो चालवत होता. कुठल्या बालगृहाची तपासणी कधी, कुणाला ताकीद, कुणाला टाळं, सगळं त्याच्या सहीनं चालायचं.

त्याच्या आधी त्या खुर्चीत खरात मॅडम बसायच्या. शैलेंद्र त्यांच्याच हाताखाली काम शिकला. निवृत्त झाल्यावर बाई पुण्यात फ्लॅट घेऊन राहतील असं सगळ्यांना वाटलं होतं. बाई सरळ माणदेशात भावाच्या वाडीवर आल्या आणि मेंढरांत रमल्या.

दोघांच्या मध्ये बाजेवर पेढ्यांचा पुडा होता. साताऱ्याचे कंदी पेढे. शैलेंद्रनं तपासणीची नवी गुणपद्धत बसवली होती, सरकारनं ती राज्यभर लागू केली, त्याचे हे पेढे. मॅडमनी पुड्याची दोरीही सोडली नव्हती.

"एक मुलगी नाही हो मॅडम," तो म्हणाला. "सगळीच मुलं तसली. आम्ही आत पाऊल टाकलं आणि पोरं पांगली. कुणी दाराआड, कुणी पलंगाखाली. ती ईशू, असेल तीनेक वर्षांची, मी नुसता हात पुढे केला तर किंचाळली! तिथं मुलांना सांभाळायला शेवंतामावशी म्हणून एक आहेत. त्यांच्या लुगड्यात तोंड खुपसून जी रडायला लागली, ती आम्ही निघेपर्यंत."

"शेवंताच्या लुगड्यात."

"हो ना! काय वागवत असतील मुलांना, बघा. माणूस दिसला की घाबरतात. मोकळेपणा म्हणून नाही. शिवाय पत्रे गळतात, ते वेगळंच."

मॅडमनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले.

ही शांतता शैलेंद्रच्या ओळखीची होती. हाताखाली असतानाही तो हिला टरकायचा. आणि टरकला की नको तेवढं बोलायचा, तसा आत्ताही बोलू लागला.

"आणि नवं बालगृह बघाल तर! गाडी थांबते न थांबते तोच पोरं धावत आली. ओळख ना पाळख, थेट पायांना मिठ्या. एक वेदू म्हणून एवढासा मुलगा आहे, तो सरळ मांडीवर चढला आणि मला बाबा म्हणाला. मॅडम, खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पूर्ण गुण दिले मी. उद्या सकाळी जुन्या बालगृहातली सगळी मुलं तिकडे हलवतोय. गाडी ठरलीय. सहीसुद्धा झालीय माझी."

"आणि शेवंता?"

"त्यांना नाही नेता येणार. तिकडे त्यांच्या मावश्या आहेत की. शिस्त काय सुंदर आहे तिथं! दर महिन्याला मावशी बदलतात. मुलांना एकीचाच लळा लागायला नको म्हणून."

मॅडमचा हात सुपावर थांबला.

"छान," त्या म्हणाल्या आणि पदर झटकत उठल्या. "चल, आमची कोकरं बघ."

शैलेंद्र मनातून खट्टू झाला. इथं कौतुक ऐकायला आलो आणि बाई कोकरं दाखवताहेत! पण मॅडमपुढे ब्र काढायची सवय त्याला कधीच नव्हती. तो मुकाट्यानं मागून गेला.

घरामागं बाभळीखाली जाळी लावून मेंढरांसाठी आवार केलं होतं. मोठा कळप भावाबरोबर रानात गेला होता. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आणि त्यांची कोकरं तेवढी मागं राहिली होती.

शैलेंद्र जाळी ओलांडून आत गेला मात्र, एक काळ्या कानाचं कोकरू दुडुदुडु धावत त्याच्याकडे आलं. बूट हुंगले, पँट हुंगली. तो खाली बसला तर थेट मांडीवर! त्याचं बोट तोंडात धरून चोखायलाच लागलं.

शैलेंद्रची कळी खुलली.

"अरे वा! बघा मॅडम. आयुष्यात कधी मेंढरांत आलो नाही, तरी कसं चिकटलं! जनावरालासुद्धा माणूस कळतो."

"कळतो तर," मॅडम म्हणाल्या. "ते पलीकडचं आण बघू. तांबडं."

त्यानं मांडीवरचं कोकरू खाली ठेवलं आणि तांबड्याकडे हात केला. ते टुणकन उडालं आणि आईच्या पोटाखाली जाऊन उभं राहिलं. तिथून असं बें बें करायला लागलं की काय त्याला कापायलाच आलेत! मेंढीनं मान खाली घातली आणि शैलेंद्रवर पाय आपटला. तो दोन पावलं मागं सरला.

"हे भलतंच भित्रं आहे हो."

"दोघांतलं एक तुला दिलं, तर कुठलं नेशील?"

"हे काय विचारणं झालं? हेच, काळ्या कानाचं." ते एव्हाना पुन्हा येऊन त्याच्या मांडीत शिरलं होतं. "किती लाघवी आहे."

"ने मग. त्याची आई परवा मेली."

शैलेंद्रनं मान वर करून बघितलं.

"साप चावला तिला. तेव्हापासून असंच चाललंय त्याचं. काल दूध घालायला गडी आला, त्याच्या मागं थेट रस्त्यापर्यंत गेलं. सकाळी गॅसवाला आला, त्याची पँट चोखली. आता तू आलास."

शैलेंद्रचा हात कोकराच्या पाठीवर होता, तो तिथंच राहिला. कोकरू अजून बोट चोखत होतं. बोटातून काही येत नव्हतं आणि तरी ते सोडत नव्हतं.

त्याला वेदू आठवला. मांडीवर चढलेला. किती घट्ट धरलं होतं त्यानं शर्टाला! आणि मग आठवलं ते असं, की आपण आत जायच्या आधी तो ड्रायव्हरच्या कडेवर होता. निघताना गाडीच्या काचेतून मागं बघितलं, तर तपासणीचे फोटो काढणाऱ्याच्या गळ्यात पडला होता. त्यालाही बाबाच म्हणत असेल.

"मॅडम..."

मॅडम वाकून मेंढीच्या पायातला काटा बघत होत्या.

"ती ईशू..." तो म्हणाला. "ती लपली ती शेवंतामावशींच्याच मागं. त्यांना घाबरत असती तर..."

मॅडमनी काटा उपसून जाळीबाहेर टाकला.

"आणि उद्या मी तिला त्यांच्यापासून सोडवून गाडीत घालणार होतो."

हे तो स्वतःशीच बोलला. त्याला इतकी लाज वाटली की मॅडमकडे बघवेना. एवढी मोठी गुणपद्धत बसवली, राज्यभर डंका वाजवला, आणि आपण गुण दिले ते कशाला!

"पण सही झालीय," तो म्हणाला. "सचिवांना काय सांगू? माझी पद्धत, माझाच आदेश. आता मीच मागं घेतला तर सगळे हसतील मला."

"हसतील की."

"तुम्हाला काहीच वाटत नाही त्याचं?"

"मला या पिल्लाच्या पोटाचं वाटतंय. सकाळपासून उपाशी आहे. ती मेंढी धर."

"मी?"

"मग काय मंडळाची माणसं बोलवू?"

मेंढी धरणं म्हणजे काय हे शैलेंद्रला त्या दिवशी कळलं. तिची मान पकडली तर मागचा भाग फिरायचा, मागून आवळलं तर डोकं मारायची. इस्त्रीच्या शर्टाची पार वाट लागली. शेवटी मॅडमनी तिचं डोकं आपल्या गुडघ्यांत धरलं आणि त्यानं काळ्या कानाचं कोकरू तिच्या कासेला लावलं.

मेंढीनं लाथ झाडली. कोकरू कोलमडलं.

"परत लाव."

परत लावलं. परत लाथ.

"मॅडम, ही काही घेत नाही. ती पलीकडची गरीब दिसते, तिला लावून बघू का? नाहीतर आज ही, उद्या ती, असं आळीपाळीनं..."

मॅडमनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

आपण काय बोलून गेलो ते त्याचं त्यालाच कळलं.

"हीच," तो हळूच म्हणाला. "रोज हीच."

"लाव परत."

किती वेळ लाथाळी चालली कोण जाणे. शैलेंद्रच्या नडगीवर दोनदा चांगलीच बसली. ऊन कलायला आलं, तेव्हा मेंढी दमली म्हणा, नाहीतर तिला काय वाटलं ते तिचं तिला ठाऊक, पण ती उभी राहिली. कोकरानं ढुशी दिली आणि शेपूट तुरुतुरु हलायला लागलं. तिचं स्वतःचं तांबडं पलीकडच्या बाजूनं पीत होतं. मेंढीनं मान वळवून नव्याला हुंगलं, फुरफुरली, आणि पुन्हा समोर बघत रवंथ करू लागली.

"सोडू का?"

"सोड."

त्यानं हात काढले. मेंढी हलली नाही.

शैलेंद्रनं चुटकी वाजवून कोकराला बोलावलं. मघाचंच बोट पुढे केलं. कोकरानं ढुंकूनही बघितलं नाही! त्याला इतका आनंद झाला की तो शेणामुतात तसाच फतकल मारून बसला आणि हसत सुटला.

"उद्या विसरेल ती," मॅडम म्हणाल्या. "उद्या परत धरावं लागेल. परवाही."

"धराल ना तुम्ही?"

"मी आहेच की इथं."

तो उठला. वाडीवर रेंज फक्त बाभळीच्या बुंध्याशी यायची. तिथं उभा राहून त्यानं ऑफिसला फोन लावला.

"उद्याची गाडी रद्द करा... हो, जुन्या बालगृहाची... नाही, मुलं तिथंच राहणार. त्या पत्र्यांची दुरुस्ती आधी काढा, या आठवड्यात माणूस पाठवा... आणि नव्या बालगृहाला कळवा, दर महिन्याला मावश्या बदलणं बंद. आजपासून ज्या मुलांना जी मावशी, तीच राहणार... काय? कारण?"

तो थांबला. मॅडम पाठमोऱ्या होत्या.

"कारण लिहा, संचालकांची चूक झाली... अहो, लिहा तसंच. सचिवांशी मी बोलतो."

फोन खिशात घालताना त्याला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. सकाळी येताना असं ओझं आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

हौदावर त्यानं हातपाय धुतले. मॅडमनी पंचा पुढे केला. दोघं पुन्हा पुढच्या अंगणात आले. बाजेवर पेढ्यांचा पुडा तसाच होता. मॅडमनी तो उचलला, दोरीला हात न लावता आत नेला आणि कोनाड्यात ठेवून दिला.

शैलेंद्रला जरा वाईट वाटलं. म्हणजे अजूनही नाहीच.

"येतो मॅडम," तो वाकून म्हणाला. "उद्या मी स्वतः जातो तिथं. शेवंतामावशींशी बोलायचंय मला. एकदा माफी मागायचीय."

"जा."

गाडीच्या दाराशी तो घुटमळला.

"पण मला बघून ती ईशू परत रडायला लागेल हो..."

मॅडम उंबऱ्यात उभ्या होत्या.

"रडली तर लगेच फोन कर," त्या म्हणाल्या. "मग पेढे खाते."