डावीकडे ओढणारी गाडी

कोणे एके काळी, राजे पुष्कळ होते पण धड रस्ता एकही नव्हता, त्या काळात डोंगराच्या पायथ्याशी एक तेली राहत होता. त्याचा एक घाणा होता आणि घाण्याला दोन बैल. एक तांबड्या, दुसरा बांड्या. आलटून पालटून ते घाण्याभोवती फिरत आणि तेल्याचा संसार चालत असे.

तेल्याची एकुलती एक लेक डोंगरापलीकडच्या गावात दिली होती. तिला दिवस गेल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण आणायची कशी? वाट डोंगराच्या कडेनं जाणारी, आणि अवघडलेल्या लेकीला एवढं चालवायचं कसं? तेल्यानं ठरवलं, गाडी घ्यायची. नवी गाडी करून घ्यायची म्हणजे बाळाचं बारसं होऊन जायचं. म्हणून तो बाजारात जुनी गाडी बघायला गेला.

एक गाडी त्याच्या मनात भरली. ज्याला गाडीतलं काही कळत नाही तो जे करतो ते त्यानं सगळं केलं. चाकावर थापा मारल्या, फळ्या हलवून पाहिल्या, मान डोलावली. मग आपले बैल जुंपून माळावर एक फेरी मारली. गाडी हळूच डावीकडे निघाली. त्यानं उजवा कासरा ओढला, तशी सरळ झाली. कासरा सैल सोडला, की पुन्हा डावीकडे.

त्यानं विकणाऱ्याला विचारलं. तो हसून म्हणाला, "तेलीबुवा, बैल कुणाचे? घाण्याचे. जन्मभर गोल फिरलेलं जनावर सरळ चालेल होय? हाका थोडे दिवस, लागेल सवय."

भोवतालची माणसं हसली. तेलीही हसला. त्याला गाडी हवी होती, आणि गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही उगाच नाही. त्यानं गाडी घेतली.

घरी येताना गाडी कुंपणाला घासली. बायकोनं विचारलं, तेव्हा तेल्यानं विकणाऱ्याचंच उत्तर तिला ऐकवलं, आणि इतक्या ठसक्यात, की त्याचं त्यालाच ते पटायला लागलं. सुतार पलीकडच्याच आळीत राहत होता. पण सुताराकडे जायचं म्हणजे आपण फसलो हे कबूल करायचं. गाव काय म्हणेल? त्यापेक्षा उजवा कासरा घट्ट धरायला काय हरकत आहे? तेली कासरा घट्ट धरू लागला. उजवीकडे तांबड्या जुंपलेला असे. जू सारखं डावीकडे सरके आणि त्याच्या मानेला घासे. मान सुजली. तेल्यानं तिच्यावर हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जू ठेवलं.

लेकीला आणायला निघाला, तेव्हा वाटेवर डोंगर डाव्या हाताला होता. गाडी फार तर दरडीला घासायची. तेल्याला धीर आला. उगाच घाबरलो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

परत येताना मात्र दरी डाव्या हाताला आली.

मागे गोधडीवर लेक आडवी झाली होती. वाट उताराची होती. तेल्याच्या तळहाताला घाम सुटला, कासरा निसटू लागला. त्यानं तो मनगटाला गुंडाळला. डावं चाक कडेच्या मातीवरून गेलं आणि थोडी माती खाली गेली. ती खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही. लेकीनं डोळे मिटूनच विचारलं, "आबा, गाडी नीट आहे ना?" तो म्हणाला, "नीट आहे, पोरी. बैल घाण्याचे आहेत, एवढंच."

तेव्हा तांबड्या थांबला. मान न वळवता तो म्हणाला, "मालक, घाण्याला आम्ही कुठल्या बाजूला वळतो?"

तेल्यानं मनगटाचा कासरा आणखी आवळला.

"उजवीकडे. जन्मभर आम्ही उजवीकडेच वळलो, आणि तुम्ही समोर बसून ते रोज पाहिलंत. ही गाडी डावीकडे जाते. हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मागे निजलेल्या पोरीला तेवढं माहीत नाही."

तेल्याला स्वतःची अशी लाज वाटली, की जमीन पोटात घेईल तर बरं. तो खाली उतरला. चाकाखाली दगड लावले आणि लेकीला म्हणाला, "पोरी, उतर. गाडी डावीकडे ओढते. घेतली त्या दिवसापासून ओढते. मी तो दोष बैलांवर ढकलत आलो."

लेक उतरली आणि डोंगराच्या अंगाला टेकून उभी राहिली. तेल्यानं दोन्ही बैल सोडले. रिकामी गाडी तेवढ्या वळणापुरती आपणच खाली नेऊ, असं त्याला वाटलं. त्यानं पायानं चाकाखालचे दगड सारले आणि धावत पुढे जाऊन जू आपल्या खांद्यावर घेतलं.

गाडी डावीकडे निघाली. तांबड्यानं इतके दिवस जे सोसलं, ते आता तेल्याच्या मानेवर आलं. त्यानं टाचा रोवल्या, दात आवळले, पण गाडी काही ऐकेना. पाय कडेपर्यंत आले तेव्हा त्यानं जू टाकलं आणि अंग डोंगराकडे झोकून दिलं. गाडी कडेवरून गेली. तिच्यातली गोधडी वाऱ्यावर उलगडली आणि खाली खाली जात दिसेनाशी झाली.

लेक पोटावर हात धरून ते पाहत होती. ती म्हणाली, "आबा, मी त्याच गोधडीवर निवांत निजले होते."

बापलेक आणि बैल थांबत, बसत, डोंगराच्या अंगानं पायी घरी आले. लेक सुखरूप बाळंत झाली. सुतारानं सगळं ऐकून सांगितलं, की चाकांचा आस तिरपा बसला असणार, अर्ध्या दिवसाचं काम होतं. तांबड्याची मान बरी झाली. तेल्याची मात्र, बाळाला मांडीवर घेतलं की, अजूनही खाली जायची.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: गाडीचा दोष बैलावर ढकलला, तर तो दोष जात नाही, आपलं माणूस मात्र दरीच्या काठावर जातं.