मूठभर वाकड्या कड्या

त्या साली श्रीराघोनाथ महाराज रुपेवाडीत होते. मुक्काम मळजाईच्या देवळाच्या पडवीत. अंगावर एक घोंगडे आणि जवळ एक तांब्या, एवढाच त्यांचा प्रपंच. रुपेवाडी हे चांदीच्या साखळ्यांचे गाव. तारेच्या बारीक कड्या करायच्या, कडीत कडी गुंफायची आणि त्यांचे पैंजण, गोफ, कमरपट्टे घडवायचे, हा सोनारआळीचा पिढ्यांचा उद्योग. महाराज सकाळी आळीतून फिरत, वाटेल त्या ओसरीवर टेकत आणि लहान मुलासारखे काम बघत बसत.

आळीत शिदराम नावाचा कारागीर होता. त्याच्या साखळीवरून रेशमाचा धागा ओढला तरी कुठे अडायचा नाही. पण दैव पाहा, त्याच हातांना कंप सुटला. भाकरीचा घास तोंडापर्यंत जाईना, तिथे कडी कुठली धरता येणार? बिचारा चारचौघांत हात उपरण्याखाली लपवून बसू लागला. देवीचे दागिने घडवण्याचा मान आळीतल्या सात घरांना होता. प्रत्येक घराची एक बैठक, त्यात एक शिदरामची. मुख्य कारागीर बाळाप्पा पोतदार. हाताने तरबेज, पण ताठा असा की बोलायची सोय नाही. त्यांनी निरोप धाडला, देवीच्या यात्रेपर्यंत घरातले कोणी काम शिकले नाही, तर बैठक दुसऱ्या घराला जाईल.

घरात मूलबाळ नव्हते. शिदरामने त्या दिवशी अन्न शिवले नाही. तेव्हा त्याची बायको ठकूबाई, वय पंचेचाळीस, डोळ्यांना चाळिशी लागलेली, पदर खोचून म्हणाली, "मी शिकते."

आळीभर हसू झाले. बाळाप्पांनी तर तोंडावरच विचारले, "वहिनी, या काय शेवया वळायच्या आहेत?"

त्यांचे हसणे अगदीच उगाच नव्हते म्हणा. ठकूबाई कडी उघडायची ती दोन्ही टोके फाकवून. तशी कडी एकदा फाकली की पुन्हा गोल होत नाही. तिच्या कड्या अंड्यासारख्या लांबुळक्या होऊ लागल्या. शिदराम शेजारी बसून समजावायचा, "अगं, फाकवू नको, बाजूला वळव. एक टोक पुढं, एक मागं." पण हाताने दाखवता येत नव्हते, म्हणून त्याचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी ती पडवीत महाराजांच्या पायांशी बसून रडली. महाराज उठले आणि थेट बाळाप्पांच्या ओसरीवर जाऊन त्यांनी हात पसरला. भिक्षा कसली मागितली? वितळवायला बाजूला टाकलेल्या वाकड्या कड्यांची. साधूला नाही म्हणवेना. बाळाप्पांनी एक मूठ भरून दिली आणि शिकणारणीला त्याच शोभतील, असा टोमणाही वर दिला.

महाराजांनी त्या कड्या ठकूबाईच्या पदरात घातल्या. रोज सकाळी गुंफायच्या, रोज संध्याकाळी उकलायच्या आणि दर कडीला मळजाई आईचे नाव घ्यायचे, अशी आज्ञा झाली. घरात शेगडी पेटवून डाख देणारे, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा जोडणारे, कोणी उरले नव्हते. इतर कारागिरांची फट डाखेत बुजून जाई. हिला मात्र टोकाला टोक असे भिडवावे लागे की वरून नख फिरवले तरी लागू नये. दोन महिन्यांनी ती वैतागली. एकशे साठ कड्या, पट्टी होते दोन बोटांची आणि तीही संध्याकाळी मोडायची! तिने तक्रार केली तेव्हा महाराज हसले. म्हणाले, "तू नुसती कडी मिटायला शीक. पट्टा आई बघून घेईल."

यात्रेचा दिवस उजाडला. देवीसाठी बाळाप्पांनी नवा कमरपट्टा घडवला होता. सकाळी मूर्तीला शालू नेसवला, गुरवाने पट्टा कमरेला लावला आणि त्याचा चेहराच उतरला. पट्टा चार बोटे अपुरा! बाळाप्पांनी माप घेतले होते ते अभिषेकानंतर, नुसत्या पाषाणाचे. शालू नेसवून घ्या, असे गुरव तेव्हा म्हणाला होता, पण त्याला त्यांनी झिडकारले होते.

दुपारी पालखी उठायची. पट्ट्यावाचून आई गाभाऱ्याबाहेर कशी यायची? आणि यात्रेच्या दिवशी सोनारआळीत शेगडी पेटत नाही, ही जुनी रीत. म्हणजे डाख नाही. बाळाप्पा सभामंडपात बसून चिमट्याने कड्या मिटू लागले, पण जन्मभर डाखेवर विसंबलेला हात तो, प्रत्येक सांध्यात फट राहू लागली आणि हाताशी होत्या त्या कड्या फाकून वाया गेल्या. शालूचा धागा अडकून ओढला गेला. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि लोक कुजबुजत होते.

महाराज शांतपणे म्हणाले, "ठकूबाईला बोलवा."

ती खांबाआड होती. कमरेची कड्यांची पुरचुंडी सोडून ती हळूच म्हणाली, "महाराज, या रोजच्या मोजलेल्या आहेत. दोनच बोटं होतात. पुरायच्या नाहीत."

"पुरचुंडीत बघू नकोस," महाराज म्हणाले. "हात घाल."

ठकूबाईने डोळे मिटून आईचे नाव घेतले आणि बसली. कडी वळवली, ओवली, मिटली. पुन्हा हात, पुन्हा कडी. दोन बोटे झाली. आता पुरचुंडी रिती असायला हवी होती. तरी तिने बघितले नाही, हात आत घातला. बोटांना कडी लागली! मग तिसरे बोट झाले, चौथे झाले. काय सांगावी आईची लीला! पट्टा देवीच्या कमरेला नेमका बसला, आणि पुरचुंडीत शेवटी एकच कडी उरली.

बाळाप्पांनी पुढे होऊन रेशमाचा धागा त्या चार बोटांवरून ओढला. कुठेही अडला नाही. त्यांनी पुन्हा ओढून पाहिला. मग खांबाला टेकून बसलेल्या शिदरामने इतका मोठा श्वास सोडला की शेजारचे वळून बघू लागले. त्याने उपरण्याखालून हात काढले आणि सगळ्यांदेखत आईला जोडले. ते थरथरत होते, पण आज त्याला त्याची लाज वाटली नाही. ठकूबाई पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

बाळाप्पा महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराज बाजूला सरले. म्हणाले, "बाळाप्पा, कड्या तुमच्याच डब्यातल्या. तुम्ही टाकल्या होत्या, हिने सरळ केल्या. माझं यात काय आहे?"

ठकूबाईने उरलेली कडी बाळाप्पांपुढे धरली. घेतलेले परत करावे, एवढेच तिच्या मनात होते. पण त्यांनी ती घेतली नाही. "वहिनी, असू द्या ती बैठकीवर," ते म्हणाले. "उद्यापासून तुम्ही माझ्या उजव्या हाताला बसायचं. आणि मला कडी मिटायला शिकवायची."

एवढे बोलून त्या ताठ माणसाने, भर सभामंडपात, ठकूबाईच्या पायांशी डोके टेकले.