सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला

दिल्लीत शिक्षणशास्त्र शिकून गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून आले, तेव्हा वाटलं होतं, मुलांना निर्भयपणे प्रश्न विचारायला शिकवीन. इथे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मोठ्यांनी पोरांचीच वाटणी चालवली होती.

तालुक्याचा खो-खोचा अंतिम सामना जवळ आला होता. सराव चालू असताना शाळा समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब मोहिते थेट मैदानात शिरले.

"बाई, त्या रुबिना मुजावरला संघातून काढा. तिचा बाप विरोधी पॅनलमधून उभा आहे."

रांगेत बसलेल्या रुबिनाने मान खाली घातली. मी समता, संविधान सगळं सांगून पाहिलं. अप्पांनी जांभई दिली.

"भाषण सभेत करा. माझ्या शाळेत सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला पाहिजेत."

मी वैतागले. "मुलींनो, अप्पांचं ऐकलंत ना? सगळ्या पूर्वेकडे तोंड करून बसा."

पोरी तशा बसल्या. अप्पा एकेकाळी जिल्ह्याकडून खो-खो खेळलेले. त्यांना राहवेना.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं? एकीचं तोंड इकडे, तर शेजारणीचं तिकडे पाहिजे! नाहीतर पाठीमागून पळणारीला धरणार कोण?"

"तेच म्हणते अप्पा. तिकडे तोंड केलेलीही आपल्याच संघातली असते."

पोरी खुदखुदल्या. अप्पा तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, रुबिना खेळणारच. आणि निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत शाळेत येणाऱ्याने प्रचाराचं उपरणं फाटकाबाहेर काढून ठेवायचं. पहिलं उपरणं फाटकाशी आलेल्या अप्पांचंच उतरवून घेतलं.