उड्या मारण्याचा आजार

मोहाची फुलं वेचायला माणसं येत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. त्या रानात रिवाज होता: उन्हाळ्यात प्रत्येकाने ओंजळभर सुकी फुलं जांभळाच्या ढोलीत टाकायची आणि जो आजारी पडेल त्याने बरं होईपर्यंत त्यातूनच खायचं. ढोली एक घोरपड सांभाळायची.

तुळी सशिणीचं नवंनवं लग्न झालेलं. तिनेही दोघांचा वाटा वेळेवर टाकला होता. पावसाळ्यात ओढ्यावर तिच्या नवऱ्याचा पाय मोडला, तशी ती ढोलीशी गेली.

"मावशी, ह्यांना महिनाभर उठता यायचं नाही. खायला द्या."

"पाय मोडला कशाने?"

"उडी मारताना."

"ते उड्या मारतात, हे वाटा टाकताना सांगितलं होतंस?"

"अहो, ससेच ना आम्ही!"

"म्हणजे आजार जुना आहे. जुन्या आजाराला इथून काही मिळत नाही." मग आवाज मऊ करून घोरपड म्हणाली, "काळजी घ्या हं त्यांची."

तुळी एकटी आणून आणून किती आणणार? भुकेने चौथ्याच दिवशी ससा चरायला उठला. पाय वाकडाच जुळला.

पुढच्या उन्हाळ्यात ढोलीपुढे रांग लागली. तुळीच्या शेजारी ससा लंगडत उभा होता.

"टाक," घोरपड म्हणाली.

"हे आता उड्या मारत नाहीत," तुळी शांतपणे म्हणाली. "या वेळी आधीच सांगून ठेवते."

मागे उभ्या खारीने मान वर करून झाडाच्या शेंड्याकडे पाहिलं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "मी झाडावर चढते, हे सांगायचं राहिलंच की माझं."

तिच्या मागच्या साळिंदराने आपली ओंजळ मिटून घेतली.