मोरवेलीच्या पायाशी

परीच्या गोष्टीत रडू कशाला, असं तुम्ही विचाराल. पण सगुणाची आई चैत्रात वारली आणि गोष्ट तिथूनच सुरू होते, त्याला मी तरी काय करणार?

सगुणा नऊ वर्षांची. तिचा भाऊ सोपान तीन वर्षांचा, सगळे त्याला सोपू म्हणत. बाबा लोकांच्या बागा शिंपायला पहाटेच जायचे. घर अगदी एवढंसं, पण मागची बाग बघाल तर बघतच राहाल. कुंपणावर निळीनिळी गोकर्ण, दारावर गुलाबी मधुमालती आणि सोपूच्या खिडकीखाली आईची लाडकी मोरवेल. थंडीत तिच्यावर पांढऱ्याशुभ्र चांदण्या फुलायच्या. त्या झडल्या की वाऱ्यावर चंदेरी, मऊमऊ तुरे झुलायचे.

आई गेल्यापासून सोपू जेवेना. घास पुढे केला की तोंड फिरवायचा आणि विचारायचा, "आई कधी येणार?" गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "पोरानं अन्न घेतलं नाही, तर माझ्या औषधानं काही व्हायचं नाही." सगुणानं ते ऐकलं.

तिला स्वतःला एकच आधार होता. आई रोज तिच्या स्वप्नात यायची आणि उशाशी बसून कपाळावर हात ठेवायची. तेवढ्यावर ती पोर पुढचा दिवस ढकलायची.

या सगळ्यात बागेकडे बघायला कुणाला सवड? आईनं मोरवेलीच्या बुंध्याशी लावलेली केळ पाण्यावाचून वाळून पडली आणि मोरवेलही माना टाकायला लागली. "हिचं डोकं उन्हात हवं, पाय मात्र सावलीत," असं आई सांगायची. आता सावली आणायची कुठून? सगुणानं घागरभर पाणी घातलं आणि उन्हाकडे पाठ करून ती बुंध्याशी बसली. आपलीच सावली मुळांवर पडेल अशी, वाकून. वैशाखाचं ऊन ते, पाठ नुसती भाजून निघाली. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येऊन बसली, आणि नंतरही रोज.

एका दुपारी वाळलेलं एक पान अलगद उलगडलं आणि आतून इवलीशी परी बाहेर आली. जांभळा झगा, दवासारखे लुकलुकते पंख आणि चिमुकल्या पावलांवर सोनेरी पराग.

"तुझ्या सावलीनं माझे पाय निवले गं," परी म्हणाली. "माग काय हवं ते. पण दोन नियम आहेत. गेलेलं माणूस परत मागायचं नाही. आणि वेलीला चढायला आधार लागतो ना, तसा इच्छेलाही लागतो. तुझ्याजवळचं सगळ्यांत लाडकं काहीतरी तुला द्यावं लागेल."

"माझा सोपू जेवू दे," सगुणा म्हणाली.

"आणि देशील काय?"

सगुणानं स्वतःकडे पाहिलं. अंगावर विटका परकर, हातात फुटकी बांगडीसुद्धा नाही. "माझ्या स्वप्नात आई येते," ती हळूच म्हणाली. "ते स्वप्न सोपूला दे."

परीचा चेहरा उतरला. "मग ती तुझ्याकडे पुन्हा यायची नाही, बाळा. नीट विचार कर."

मोठं मन करा म्हणणं सोपं असतं हो, पण एवढ्याशा पोरीनं आईला दुसऱ्यांदा निरोप द्यायचा म्हणजे काय?

"मला आई नऊ वर्षं मिळाली," ती म्हणाली. "सोपूला तर तिचा चेहराही आठवायचा नाही."

परीनं हात फिरवला. मोरवेल सळसळली आणि कोवळ्या देठांनी गजांना विळखे घालत थेट सोपूच्या खिडकीत पोचली.

त्या रात्री सगुणाला स्वप्न पडलं नाही. सकाळी ती उठली ती रिकामी रिकामी होऊन. पण सोपू चुलीपाशी बसून म्हणत होता, "ताई, भूक लागली." त्यानं वाटीभर पेज संपवली आणि आणखी मागितली. बाबा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत राहिले.

सोपूचे गाल भरले. सगुणा मात्र रोज आशेनं डोळे मिटायची आणि सकाळी गप्प उठायची. आईचा आवाजही तिला आता नीट आठवेना. तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

मग एका सकाळी सोपू फणी घेऊन आला. "ताई, खाली बस."

"का रे?"

"आई म्हणाली, ताईचे केस कुणी विंचरत नाही, तू विंचर. आणि हळू विंचर म्हणाली. ताईला डाव्या कानामागे दुखतं."

हे आईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. सगुणा मटकन खाली बसली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली.

खिडकीत भर उन्हाळ्यात मोरवेल फुलली होती, पांढरीशुभ्र. सगळ्यांत वरच्या फुलावर परी उभी होती. "निरोप पाठवणं माझ्या नियमांत नव्हतं गं," ती म्हणाली. "ते तुझ्या आईनंच केलं." तिच्या पंखांतून सोनेरी उजेड पाझरला, खोलीभर पसरला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

सोपूला वेणी कुठली घालता येणार? त्यानं दोन बटा घेऊन नुसत्या गाठी मारल्या. सगुणानं त्या दिवसभर सोडल्या नाहीत.