बसलेल्या घशावरचा इलाज

"पण इंजेक्शन का नको, सर?"

डॉ. मैत्रेयी हस्तकने भरलेली सिरिंज अजून खाली ठेवली नव्हती.

डॉ. देवपुजारी स्टुलावर बसलेल्या आमदाराच्या घशात टॉर्च मारून शांतपणे बघत होते...

हिवाळी अधिवेशन सुरू होतं. विधानभवनाच्या मागच्या अंगाला एक लहानशी खोली होती. अधिवेशन भरलं, की शहरातले फॅमिली डॉक्टर आपापले दवाखाने अर्धा दिवस बंद ठेवून तिथे पाळीपाळीने बसत. फी नाही, मानधन नाही. आमदाराची ॲसिडिटी, मार्शलची कंबर, कॅन्टीनवाल्याचा भाजलेला हात, सगळं एकाच बाकावर. आत कोण कुठल्या पक्षाचा, हे विचारायची पद्धत नव्हती. सरकारं आली, सरकारं गेली, देवपुजारी सरांचं स्टूल मात्र कुणाला हलवता आलं नाही.

मैत्रेयी यंदा पहिल्यांदाच आली होती. एम.डी.चं सुवर्णपदक घेऊन ती सरांच्या हाताखाली शिकायला राहिली होती. पोरगी हुशार, यात वाद नाही. पण आपली हुशारी चार माणसांना दिसली नाही, तर तिला घास गोड लागत नसे. आणि सर आता जुने झाले, असं तिचं मनातल्या मनात पक्कं ठरून गेलं होतं.

स्टुलावरच्या आमदाराचं नाव यादोराव वरखडे. जंगलपट्टीतल्या तालुक्यातून पहिल्यांदाच निवडून आलेला दांडगा माणूस. आज दुपारी तीनला त्याची लक्षवेधी लागली होती. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखाना बांधून तयार, आणि त्यात डॉक्टर नाही, एवढाच विषय. पण आज बोलता आलं नाही तर विषय गेला. पुन्हा कधी नंबर लागेल, देव जाणे.

आणि त्याच्या तोंडून आवाज म्हणून निघत नव्हता. नुसती खरखर.

"सकाळी काय केलं?" सरांनी विचारलं.

त्याचा सहायक पुढे आला. "पायऱ्यांवर घोषणा दिल्या जी. दीड तास. साहेबच सगळ्यात पुढे होते."

"कसल्या घोषणा?"

सहायक जरा अडखळला. "आमचा आवाज दाबला जातो म्हणून..."

कोपऱ्यात रक्तदाब मोजायला बसलेला मार्शल फिस्सकन हसला. वरखड्यांनाही हसू आलं, पण तेही धड निघालं नाही.

"साहेबांचं भाषण म्हणजे वाघाची डरकाळी असते, डॉक्टरसाहेब," सहायक काकुळतीला आला. "त्याच्यावरच तर निवडून आले. काही तरी करा ना बाप्पा."

"सर, एक इंजेक्शन," मैत्रेयी म्हणाली. "सूज उतरेल, तासा-दोन तासांत आवाज मोकळा. गायकांना देतातच की."

"देतात."

"मग?"

"गायक ओरडत नाही. आवाज सुटल्यासारखा वाटला, की हे तीनला डरकाळी फोडणार. सुजलेल्या स्वरतंतूंवर. आत रक्त उतरलं, तर जन्माची खरखर."

त्यांनी टॉर्च विझवला.

"तीनपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. खुणेनंसुद्धा भांडायचं नाही. कोमट पाणी प्या. कुजबुजू नका, कुजबुजण्यानं घसा जास्त बिघडतो."

वरखड्यांनी हातानंच विचारलं, आणि तीन वाजता?

"तीनला उभं राहायचं. खाटेवर आई आजारी आहे, तिच्या उशाशी बसून बोलता ना... तेवढंच. त्याच्यावर एक रेघही नाही."

वरखड्यांचा चेहरा पडला. पण माणूस शब्दाचा पक्का असावा. त्यांनी मान डोलावली, पाण्याची बाटली घेतली आणि गेले.

दार लागलं मात्र, मैत्रेयीचा बांध फुटला.

"हा काय उपचार झाला, सर? तिथे धडधाकट आवाजाच्या माणसाला कुणी बोलू देत नाही. यांना कोण ऐकणार? त्या तालुक्याचं नुकसान होईल, आणि ते आपल्यामुळे होईल!"

सर मार्शलच्या दंडाला पट्टा गुंडाळत होते.

"सर, मी विचारतेय."

"बेटा... याचं प्रेशर मोजून राहिलो ना."

तिने सिरिंज आदळून फेकून दिली. एवढा राग तिला परीक्षकांचाही कधी आला नव्हता.

तीन वाजले. खोलीतल्या टीव्हीवर सभागृह दिसत होतं. मार्शल आणि वरखड्यांचा सहायक टीव्हीसमोरच येऊन बसले होते. आधीच्याच विषयावरून दोन्ही बाजू एकमेकांवर तुटून पडल्या होत्या. कोण काय बोलतंय, हे बोलणाऱ्यालाही कळत नसावं. त्या गदारोळात अध्यक्षांनी वरखड्यांचं नाव पुकारलं.

वरखडे उठले. ओठ हलले.

"ऐकू येत नाही! मोठ्यानं!" समोरून सत्ताधारी बाकांवरचे दौलतराव खानझोडे ओरडले. सभागृहात आरडाओरड्याची पैज लावली, तर खानझोड्यांच्या वाटेला कुणी गेलं नसतं.

वरखड्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. सवयच ती. मैत्रेयीने श्वास रोखला...

पण ते थांबले. घोटभर पाणी प्यायले आणि माइकजवळ वाकून तेवढ्याच आवाजात पुन्हा बोलू लागले.

"मोठ्यानं!" खानझोडे पुन्हा गरजले.

"अहो, तुम्ही थांबलात तर ऐकू येईल!" खानझोड्यांच्याच शेजारचा सदस्य वैतागला.

मागे कुणी तरी कुणाला तरी गप्प केलं. त्यानं पुढच्याला. ज्यांना हरकत घ्यायची होती, त्यांनाही आधी ऐकणं भाग होतं. बघता बघता गलका ओसरला. मंत्र्यांनी हातातले कागद बाजूला ठेवले आणि कान पुढे केला.

"इमारत आहे," वरखडे सांगत होते. "खाटा आहेत. गाद्यांवरचं प्लास्टिकही अजून निघालं नाही. डॉक्टर नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गावची सुगंधाबाई अडली. दवाखान्याला कुलूप. जिल्ह्याच्या गावी नेताना जीपमध्येच गेली. बाळही गेलं..."

ते थांबले.

"जीप मी चालवत होतो."

सभागृहात कुणाचा तरी कागद सरकला, तोही टीव्हीवर ऐकू आला.

मंत्री उभे राहिले. नवल म्हणजे त्यांचाही आवाज खालीच आला.

"दोन डॉक्टर देतो. आदेश आज संध्याकाळी निघेल. अधिवेशन संपायच्या आत ते दवाखान्यात हजर झालेले दिसतील. सभागृहाला शब्द देतो."

आणि बाकं वाजली! दोन्ही बाजूंची. अध्यक्ष हात वर करून थांबवत होते, तरी थांबेनात. इकडे खोलीत मार्शलने उठून सहायकाला मिठी मारली. मैत्रेयी तर लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. आपण हरलो, हे तिच्या ध्यानात होतं. पण हरल्याचा इतका आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं तिनं मनावर घेतलं नाही.

"सर... असं होणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला घसा ठाऊक होता."

ती आणखी विचारणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात खुद्द दौलतराव खानझोडे. मागे चार कार्यकर्ते.

"डॉक्टर!" त्यांच्या आवाजानं ट्रेमधल्या बाटल्या थरथरल्या. "काय दिलं हो त्या वरखड्याले? आठ वर्षं झाली, मी रोज उभा राहून बोलून राहिलो. मंत्र्यानं आजवर मान वर करून पाहिलं नाही. अन् हा पहिल्याच अधिवेशनात दोन डॉक्टर घेऊन गेला! उद्या माझ्या धरणाचा विषय आहे. जे त्याले दिलं, तेच मले द्या!"

सरांनी टॉर्च मैत्रेयीच्या हाती दिला. "बघ गं."

खानझोड्यांनी मोठ्या हौसेनं आ वासला. मैत्रेयीनं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. हसू दाबता दाबता तिची पुरेवाट झाली.

"सर, सूज नाही, लाली नाही. घसा अगदी ठणठणीत आहे."

"ठणठणीत?"

देवपुजारी सरांनी खानझोड्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मायेनं त्यांच्याकडे बघितलं.

"मग यांचं कठीण आहे, बेटा."